स्पाच्या शर्यतीला जाताना पाऊस कुणाला विचारायचा? विंडी आणि बाउएनराडार वापरून बघितल्यावर

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. बेल्जियममधल्या स्पा-फ्राँकोरशाँ सर्किटवर फॉर्म्युला वन मोटारशर्यतीच्या वीकेंडला जाणार असाल तर शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी झोपेपर्यंत विंडी हे हवामान-अंदाजाचं अॅप बघा. रविवारी सकाळी उठल्यावर विंडी बाजूला ठेवून बाउएनराडार हे पावसाचं रडार दाखवणारं अॅप उघडा. आणि शर्यतीआधी टायमिंगच्या पडद्यावर 'पावसाची शक्यता ४० टक्के' असा जो संदेश येतो, तो वाचून कुठलाही बेत ठरवू नका. रेनकोट तर न्यायचाच आहे. ते विचारायलाच नको.

आम्ही आइंडहोव्हनला राहतो. इथून सर्किट गाडीने दीडेक तासावर, त्यामुळे बेल्जियन ग्रां प्री आमच्या घरात ठरलेलीच. ग्रँडस्टँडचं तिकीट आम्ही काढत नाही. केमेलच्या सरळ पट्ट्याच्या कडेला जो उतार आहे तिथे सकाळी लवकर जाऊन चटई टाकतो. वर छप्पर नाही, खाली गवत, आणि पाऊस झाला की त्याच गवताचा चिखल. मुलाला कधी जेवायला घालायचं, स्वच्छतागृहाच्या रांगेत कधी उभं राहायचं, चटई कधी गुंडाळायची, हे सगळं पुढच्या अर्ध्या तासात काय होणार यावर ठरतं. शिवाय शर्यत समजून बघायची असेल तर टायर बदलायला कोण कधी आत, म्हणजे पिटमध्ये (संघांच्या थांब्यावर), येईल याचा अंदाज आपल्यालाही बांधता आला पाहिजे. त्यात खरी मजा आहे.

स्पाचा पाऊस अवघड का, ते मला माझ्या गावामुळे पटकन कळलं. मी वाईची. पाचगणीला झड लागलेली असताना वाईत ऊन असतं, हे लहानपणापासून बघितलंय. इथे सह्याद्री नाही, आर्देनचं पठार आहे, आणि सर्किटच्या ईशान्येला ओत फान्यची पाणथळ माळरानं आहेत. बेल्जियमचा सगळ्यात उंच बिंदू, सिन्याल दे बोत्रांज, तिथेच आहे आणि त्याची उंची फक्त ६९४ मीटर. आपल्या घाटमाथ्यापुढे ती काहीच नाही, पण समुद्राकडून येणारी दमट हवा सपाट मुलखावरून येऊन पहिल्यांदा इथेच वर चढते. तिला तेवढं पुरतं. लिएजमध्ये कोरडं असताना फ्राँकोरशाँला भुरभुर चालू असणं इथे रोजचं आहे.

त्यात फेरी ७.००४ किलोमीटरची, सध्याच्या फॉर्म्युला वनमधली सगळ्यात लांब. ले कोंबचं वळण उंचावर आणि स्ताव्हलोचं खाली दरीत, दोन्हींत शंभरेक मीटरचा फरक. वर पाऊस आणि खाली कोरडं, असं होतं ते यामुळे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. फेरी सात किलोमीटरची असली तरी सरळ रेषेत मोजलं तर ही दोन टोकं फार लांब नाहीत. 'स्ताव्हलोला कोरडं, ले कोंबला ओलं' असं कुठलंही अॅप खात्रीने सांगू शकत नाही. ते ड्रायव्हरच्या रेडिओवरूनच कळतं.

आता विंडी. ही चेक लोकांनी बनवलेली सेवा. वेगवेगळ्या संस्थांची मॉडेल्स, म्हणजे हवामानाचा अंदाज काढणारी संगणकी गणितं, एकाच नकाशावर दाखवणं हे तिचं मुख्य काम. नकाशावरचे वाऱ्याचे वाहते पट्टे बघायला छान वाटतात, पण शर्यतीसाठी त्यांचा फारसा उपयोग नाही. उपयोगाची गोष्ट थोडी आत आहे. नकाशावर फ्राँकोरशाँवर बोट ठेवायचं, ठिकाण उघडायचं आणि तुलनेचं पान काढायचं. तिथे एकाखाली एक ओळी येतात: युरोपीय केंद्राचं ईसीएमडब्ल्यूएफ, अमेरिकेचं जीएफएस, जर्मनीचं आयकॉन-डी२, फ्रान्सचं आरोम. आडवे तास, उभी मॉडेल्स, आणि पावसाचे आकडे मिलिमीटरमध्ये.

या ओळींना सारखंच वजन देऊ नका. ईसीएमडब्ल्यूएफ सुमारे ९ किलोमीटरच्या चौकटीत हिशेब करतं. त्या एका चौकटीत अख्खं सर्किट, मालमेदीचा रस्ता आणि वर आणखी काही मावतं. जीएफएस त्याहून ढोबळ. आयकॉन-डी२ची चौकट २.२ किलोमीटरची, आरोमची १.३ची. डोंगराचा आकार या दोघांनाच नीट दिसतो आणि दुपारच्या सरी हे दोघंच स्वतः उभ्या करून बघतात. मोठी मॉडेल्स त्या सरींचा फक्त सरासरी परिणाम धरतात. म्हणून त्यांच्या ओळीत दुपारभर थोडा थोडा पाऊस पसरलेला दिसतो, आणि प्रत्यक्षात वीस मिनिटं झोडपून काढून लख्ख ऊन पडतं.

आयकॉन-डी२ ४८ तासांपुरतंच बघतं. रविवारची तीन वाजताची शर्यत त्याच्या टप्प्यात येते ती शुक्रवारी संध्याकाळी. सोमवारपासून अॅप उघडून जीव टांगणीला लावणाऱ्यांना मी हेच सांगते: आठवड्याच्या सुरुवातीला फक्त वारा कुठला आहे ते बघा. नैऋत्येचा ओला वारा की पूर्वेचा कोरडा, एवढं कळलं तरी पुष्कळ. बारीक हिशेब शुक्रवारी.

शनिवारी सकाळी मी बघते ते आकडे नव्हेत, एकवाक्यता. चारही ओळींत दुपारी दोन ते पाच या वेळात पाऊस असेल तर तो मोठा पट्टा आहे, येणारच. बारीक मॉडेल्सपैकी एक तीन वाजता सर दाखवतंय, दुसरं पाच वाजता आणि मोठी मॉडेल्स फिकट निळी आहेत, तर सरी येणार हे नक्की पण वेळ कुणालाच माहीत नाही असं समजायचं. संघांसाठी हाच सगळ्यात वाईट दिवस. पात्रता फेरी सुरू झाली की पार्क फर्मेच्या नियमामुळे गाडीची मांडणी गोठते. पावसासाठी मोठा पंख लावायचा की कोरड्यासाठी छोटा, हे शनिवारीच ठरवावं लागतं. तोच आपला तुलनेचा तक्ता, फक्त त्यांचा जास्त महाग.

फुकटच्या विंडीत अंदाज तीन-तीन तासांच्या टप्प्याने दिसतो, पैसे भरले की तासातासाने. इतर वेळी मी पैसे भरा म्हणणार नाही. स्पासाठी म्हणेन, कारण दोन ते पाच हा एकच मोठा ठोकळा दिसण्यात काही अर्थ नाही.

रविवार सकाळ मात्र बाउएनराडारची. नेदरलँड्समध्ये सायकलवरून कामाला जाणारा प्रत्येक जण हे अॅप बघून घराबाहेर पडतो. पुढच्या दोन-तीन तासांचा एक साधा आलेख: आडवी वेळ, उभा पावसाचा जोर, आणि हलका-मध्यम-जोरदार अशा तीन पायऱ्या. रडारची नवी प्रतिमा दर पाच मिनिटांनी येते. हे मॉडेल नाही हे समजून घेतलं तर त्याचा पुरेपूर फायदा होतो. पडत असलेला पाऊस रडारने बघायचा, तो कुठे चाललाय ते मोजायचं आणि तसाच पुढे सरकवायचा, एवढंच हे काम.

मी आलेखावर थांबत नाही, नकाशा हलता ठेवते. दोन गावं पाठ करून ठेवली आहेत. दुरब्युई, सर्किटच्या पश्चिमेला साधारण ३५-४० किलोमीटर. एवाय, त्याच दिशेला साधारण २०. सरी ताशी ४० किलोमीटरने येत असतील तर दुरब्युईवर पिवळा ठिपका दिसला की हातात तासाला पाच-दहा मिनिटं कमी, आणि एवायवर दिसला की अर्धा तास. स्पाची फेरी पावणेदोन-दोन मिनिटांची, म्हणजे एवायवरची सर पंधरा-सोळा फेऱ्यांवर. टायर बदलायचे का थांबायचं, हा हिशेब आपण उतारावर बसून करू शकतो. समोरून एखादी गाडी अचानक पिटकडे वळते तेव्हा त्यामागचं कारण कळतं.

या पद्धतीची मर्यादाही तिच्यातच आहे. रडारला दिसतो तो असलेला पाऊस. जुलैच्या दुपारी ऊन तापून एवाय आणि सर्किटच्या मधेच नवा ढग फुटला तर तो फुटेपर्यंत आलेख कोराच राहतो. डोंगराला धडकून एखादी सर जोर धरते, एखादी विरते, तेही सरळ सरकवण्यात येत नाही. म्हणून अर्ध्या तासापर्यंत मी डोळे मिटून विश्वास ठेवते, तासापर्यंत सावधपणे, आणि त्यापुढचा आलेख बघतच नाही. दुसरं म्हणजे भुरभुर. रडारपासून लांब गेलं की त्याचा झोत जमिनीपासून उंचावरून जातो, आणि डोंगराला टेकलेल्या ढगातला बारीक पाऊस त्या झोताच्या खाली राहतो. नकाशा स्वच्छ आणि चष्म्यावर थेंब, असं स्पाला सर्रास होतं. बेल्जियमच्या शाही हवामान संस्थेचं अॅपही मी ठेवते, त्यांचा एक रडार आर्देनमध्येच विडमाँला आहे. पण आलेख पटकन वाचता येण्यात बाउएनराडारला तोड नाही.

टक्क्यांबद्दल थोडक्यात. 'शर्यतीत पावसाची शक्यता ४० टक्के' म्हणजे अशा दहा दिवसांपैकी चार दिवशी शर्यतीदरम्यान कधीतरी पाऊस पडेल. कधी, किती वेळ, किती जोरात, यातलं काही त्यात नाही. चाळीस टक्क्यांत दोन थेंबही बसतात आणि शर्यत थांबवणारा लाल झेंडाही.

आणि पाऊस नेमका सांगितला तरी शर्यत होईल की नाही हे कळत नाही, ही गोष्ट २०२१ने सगळ्यांना शिकवली. २९ ऑगस्टला तासन्‌तास वाट बघून सेफ्टी कारच्या (सगळ्यांना संथ ठेवणाऱ्या पुढच्या गाडीच्या) मागे काही फेऱ्या झाल्या, ड्रायव्हर व्हर्स्टापेन विजेता, निम्मे गुण, संपलं. अडचण होती ती गाड्यांनी उडवलेल्या पाण्याची. पिरेलीचा पूर्ण पावसाळी टायर ताशी ३०० किलोमीटरला सेकंदाला ८५ लिटर पाणी फेकतो, इंटरमीडिएट (कमी ओल्या रस्त्याचा टायर) ३०. सगळ्या गाड्यांचं ते पाणी दोन्हीकडे झाडी असलेल्या केमेलवर तसंच तरंगत राहतं, मागच्याला काही दिसत नाही. हे कुठल्याही रडारवर येत नाही. त्यानंतर नियम बदलले, आता सेफ्टी कारशिवाय किमान दोन फेऱ्या झाल्याशिवाय गुण मिळत नाहीत. ते योग्यच झालं.

२०२५ला मात्र रडारने आम्हाला खरोखर सांभाळलं. फॉर्मेशन लॅपनंतर (शर्यतीआधीच्या रांग लावण्याच्या फेरीनंतर) सुरुवात थांबवली, आणि मग पाऊस कोसळला. आजूबाजूची माणसं सामान उचलून पार्किंगकडे निघाली. अशा गर्दीत फोनला सिग्नल दिसतो पण नकाशा उघडत नाही, हा दरवर्षीचा प्रकार, म्हणून माझा दीर घरी बसून साधा एसएमएस पाठवतो. त्याचा निरोप आला: 'मागची कड दिसतेय. पश्चिमेला मोकळं. बसून राहा.' आम्ही बसलो. १ तास २० मिनिटं उशिरा शर्यत सुटली, थोड्या फेऱ्या सेफ्टी कारमागे, आणि मग समोरच्या पट्ट्यावर चाकांच्या दोन रेघा करड्या होत गेलेल्या आम्ही डोळ्यांनी बघितल्या. ड्रायव्हर हॅमिल्टन रांगेतून नव्हे, पिटलेनमधून निघाला होता. ११व्या फेरीला तो सगळ्यात आधी कोरड्या टायरसाठी आत आलेल्यांपैकी होता आणि सातवा आला. पियास्त्री जिंकला. पावसासाठी गाडी मांडून आलेला व्हर्स्टापेन चौथा. पाऊस परत आलाच नाही. एवढ्या उशिराची गरज होती का, यावर पुष्कळ वाद झाला. माझं मत, जास्तच वाट बघितली म्हणणाऱ्या व्हर्स्टापेनच्या बाजूचं आहे: शेवटची काही मिनिटं तरी वाचवता आली असती.

नेदरलँड्सच्या समुद्रकाठच्या झँडफोर्ट सर्किटला जाणाऱ्यांनी विंडीचे पैसे भरू नयेत. तिथे डोंगर नाही, सरी समुद्रावरून सरळ येतात आणि बाउएनराडार तिथे स्पापेक्षा जास्त वेळ खरा ठरतो. २०२३ला पहिल्याच फेरीत पाऊस आला, तो येणार हे सगळ्यांना दिसत होतं. ड्रायव्हर पेरेझ लगेच इंटरमीडिएटसाठी आत वळला आणि पुढे निघून गेला, बाहेर राहिलेले मागे पडले. पाऊस किती टिकेल, हा प्रश्न तिथेही संघांना स्वतःच सोडवावा लागला.

स्पासाठी जाता जाता दोन सूचना. सर्किटमध्ये शिरण्याआधी, नेट चालू असेपर्यंत, तुलनेच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि घरी राहणाऱ्या माणसाला दुरब्युई आणि एवाय नकाशावर आदल्या दिवशीच दाखवून ठेवा. ऐन वेळी एसएमएसवर गावांची नावं समजावून सांगण्यात पंधरा मिनिटं जातात.