६० सेंमीचा ग्रो टेंट: मिरच्यांना पुरतो, पण पंखा बदला

घरात दिव्याखाली रोपं वाढवायचा ६० × ६० × १४० सेंमीचा तंबू, १०० वॅटचा एलईडी आणि ४ इंची एक्झॉस्ट पंखा असा हा संच. खोक्यावर नऊ कुंड्यांचं चित्र आहे, ते विसरा. १० लिटरच्या चारच कुंड्या नीट मावतात.

दिवा मात्र दमदार. रोपं लहान असताना तो ५० सेंमी वर टांगा, पुढे ३० सेंमीपर्यंत खाली आणा आणि रोज १४ तास चालू ठेवा. शेंड्याची पानं फिकट पांढरी पडून वर वळली, की खताची बाटली उघडण्याआधी दिवा वर घ्या. संचात टायमर नाही, ही कंजुषी खटकते.

मिरचीच्या वेगवेगळ्या जाती एकत्र लावायच्या तर हालापेन्यो साधारण दहा दिवसांत उगवते, हबानेरोला तीन आठवडेही लागतात. म्हणून हबानेरो आधी पेरा. बुटक्या जातीच्या कुंडीखाली वीट ठेवली की उंच झाडाची सावली पडत नाही.

खरी अडचण पंख्याची. आवाज बराच, ओढ कमी. आतलं तापमान ३२ अंशांवर गेलं की फुलं देठासकट गळतात. खालची जाळीदार खिडकी उघडी ठेवा. कापड किंचित आत ओढलं गेलं, तर हवा खेळतेय. आत वारा आणि कीटक नसल्याने फुलं उमलल्यावर देठाला रोज हलकी टिचकी मारा, नाहीतर फळधारणा कमी होते.

तंबूची चेन (झिप) मजबूत आहे. तळाचा ट्रे पातळ. भरलेला उचलू नका.