जळगावातलं जुन्या पुस्तकांचं दुकान : यशवंतराव वाचायचे असतील तर इथे जा

बसस्टँडजवळच्या गल्लीतलं हे दुकान बाहेरून एमपीएससीच्या गाइडांनी भरलेलं दिसतं. तिथे थांबू नका, आत जा. मागच्या भिंतीला एक आख्खा कप्पा यशवंतराव चव्हाणांचा आहे. माझी सगळी नोकरी पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून झाली. ज्या कायद्याने मला पगार दिला, त्याच्या जन्माची कागदपत्रं मला इथे मिळाली.

इतरत्र यशवंतराव मागितले की गौरवग्रंथ पुढे येतात. हारतुऱ्यांचे फोटो जास्त, काम कमी. इथल्या मालकांनी "नाना, बठा" म्हणत थेट वसंतराव नाईक समितीचा 1961 चा, राज्यात पंचायत राज कसं आणावं हे सांगणारा अहवाल काढला. त्याआधीच्या, केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुक्याच्या पातळीवर होता. नाईक समितीने जिल्हा परिषद बळकट करायला सांगितलं आणि आमदार-खासदारांना तिच्याबाहेर ठेवलं. त्याच वर्षी जिल्हा परिषद आणि पंचायत समिती अधिनियम झाला, 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मुख्यमंत्री असलेल्या यशवंतरावांनी हातातले अधिकार आपण होऊन धुळ्या-जळगावला धाडले! पुढे नोव्हेंबरात ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. रोपटं मात्र लावून गेले.

भाषणांचा संग्रहही घेतला. वर्षाला 1200 रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांची फी त्यांच्या सरकारने माफ केली, जात न पाहता. माझे वडील सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतमजूर. ईबीसीचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या या फी-माफीचा, फॉर्म नसता तर मी मॅट्रिकच्या आधीच शेतावर गेलो असतो. म्हणून ती पानं मी दुकानात उभ्यानेच वाचली, आणि मालकांनी एकदाही घाई केली नाही.

भाव रास्त आहे. अहवालाचे 180 रुपये दिले. फाटकी पानं त्यांनी आधीच उघडून दाखवली. पण आत उजेड फार कमी, आणि वरचा पत्रा असा तापतो की उन्हाळ्यात सकाळीच जावं. खालच्या रांगेतल्या पुस्तकांना ओल लागलीय, त्याकडे मालकांनी लवकर बघावं.

खान्देशातल्या पहिल्या जिल्हा परिषदांची इतिवृत्तं मात्र इथेही नाहीत. कुणाच्या माळ्यावर, आजोबांच्या पेटीत असतील तर रद्दीत घालू नका, या दुकानात आणून द्या.