स्प्रिंग कंप्रेसरचा संच: घरच्या कोब्यावर दोन स्प्रिंगा बदलल्यानंतर

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावाहून डांबरी रस्ता गाठायला पाणंदीची वाट आहे, आणि पावसाळ्यात तिथली काळी माती चाकाआड इतकी थापली जाते की ती खुरप्याने खरवडावी लागते. हीच ओली माती पुढच्या शॉकअपच्या खालच्या वाटीत (स्प्रिंग जिच्यावर टेकते ती) साचून राहते, स्प्रिंगवरचा रंग उडालेल्या जागी गंज धरतो आणि मग एखाद्या खड्ड्यात खालचा वेढा तुटतो. आमच्या बारा वर्षे जुन्या छोट्या गाडीचे तेच झाले. स्टिअरिंग पूर्ण वळवले की डावीकडून ‘टण्ण’ असा आवाज येई आणि गाडी त्या अंगाला दोन बोटे झुकलेली दिसे. तुटलेले टोक टायरला लागले तर टायर फाटू शकतो, म्हणून गाडी यवतमाळपर्यंत चालवत नेण्याऐवजी स्प्रिंग घरीच बदलायचे ठरवले आणि त्यासाठी स्प्रिंग कंप्रेसरचा, म्हणजे स्प्रिंग दाबून आवळून धरणाऱ्या हत्याराचा, संच मागवला. हे परीक्षण त्या संचाचे आहे.

मारुती ८००पासून आजपर्यंतच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअपच्या दांड्याभोवतीच स्प्रिंग बसवलेली असते आणि वरच्या माउंटिंगच्या (स्ट्रट गाडीला जोडणाऱ्या टोपीच्या) मधला एकच नट तिला दाबून धरतो. स्ट्रट गाडीतून सुटून हातात आला तरी स्प्रिंग दाबलेलीच असते. ती आधी आवळून न घेता मधला नट काढला, तर माउंटिंग आणि वाटी एखाद्या दगडासारखी उडते आणि समोरच्याचा जबडा किंवा हात मोडू शकतो. आमच्या गावचा ट्रॅक्टर मिस्त्री मला म्हणाला, “भाऊ, एवढ्यासाठी हत्यार कायले घेता? तारेनं बांधलं का झालं.” त्याच्या अनुभवाचा मान राखूनही एवढे सांगतो की तार ताणते, गाठ सरकते, आणि स्प्रिंग कोणत्या क्षणी सुटेल हे आपल्या हातात राहत नाही.

संचात आटे पाडलेले दोन लांब दांडे आणि प्रत्येक दांड्यावर वर-खाली दोन हूक असतात. किंमत दीड हजारांच्या आत पडली. पहिल्यांदा जो संच आला, त्याच्या हुकांना वेढ्याखालून अडवणाऱ्या पिनाच नव्हत्या, म्हणून तो मी तसाच परत केला. स्प्रिंगचा वेढा तिरका चढत असल्यामुळे ताण आला की हूक त्या उतारावरून घसरू पाहतो, आणि पिन नसेल तर त्याला अडवणारे काहीच उरत नाही. दुसऱ्या संचात चारही पिना होत्या. पण आटे कोरडे होते, सोबतच्या कागदावर एक चित्र आणि दोन ओळींपलीकडे काही नव्हते, आणि दांडे आमच्या छोट्या स्प्रिंगच्या मानाने लांब असल्याने खालचे टोक वाटीला अडत होते. दांडे उलटे धरून डोके खाली घेतल्यावर ती अडचण सुटली. आट्यांना मात्र भरपूर ग्रीस लावा, कारण कोरडे आटे ताणाखाली खरवडले जातात.

गाडी उचलण्याची तयारी या संचापेक्षा कमी महत्त्वाची नाही. काळ्या मातीत जॅक एका बाजूने खचतो, म्हणून गाडी गोठ्यासमोरच्या सिमेंटच्या कोब्यावर घेतली, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, जॅक स्टँड (उचललेली गाडी तोलून धरणारे घोडे) गाडीच्या दाराखालच्या पट्टीच्या मजबूत जागी लावले आणि काढलेले चाक खबरदारी म्हणून गाडीखाली आडवे सरकवून ठेवले. ब्रेकची नळी स्ट्रटवरून सोडवली. नकलचे (चाक ज्यावर बसते त्या भागाचे) दोन बोल्ट काढण्यापूर्वी त्यांच्या जागेवर खडूने खूण केली, आणि वरचे शेवटचे नट सैल करताना मुलाला खालून स्ट्रट धरायला बसवले, कारण तो एकदम खाली येतो.

खरी परीक्षा त्यानंतरची आहे. दोन्ही दांडे स्प्रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना, शक्य तितके जास्त वेढे हुकांत घेऊन लावावे लागतात आणि पिना बसल्याशिवाय पाना फिरवायचा नसतो. एका दांड्याला तीन-चार फेरे दिले की दुसऱ्याला तितकेच द्यायचे. मी एकदा बोलण्याच्या नादात एकाच बाजूला जास्त आवळले, आणि स्प्रिंग पिकलेल्या केळ्यासारखी वाकू लागली. मग ती बाजू सैल करून पुन्हा बरोबरीला आणली. इम्पॅक्ट गन (नट झटक्यांनी फिरवणारे यंत्र) वापरू नये. तिने आटे खराब होतात आणि कुठे थांबायचे ते हाताला कळत नाही. स्प्रिंग वाटीत हाताने फिरू लागली की तिचा जोर वरच्या माउंटिंगवरून सुटला असे समजावे आणि तिथेच थांबावे. वेढे एकमेकांना टेकेपर्यंत दाबण्याची गरज नसते. त्यानंतरच स्ट्रटचे तोंड भिंतीकडे करून, आपण बाजूला उभे राहून, दांडा ॲलन कीने धरून मधला नट काढला. दाबलेली स्प्रिंग हातात घेऊन इकडे-तिकडे फिरू नये.

जुनी स्प्रिंग सैल करतानाही दोन्ही बाजूंनी आळीपाळीनेच फेरे द्यावे लागले. नवी स्प्रिंग पूर्ण लांबीची असल्याने तिला जास्त फेरे लागले आणि या वेळी हुकांची पकड चांगली वाटली. तिचे टोक खालच्या वाटीतल्या खाचेत टेकलेले आहे याची खात्री केल्यावरच कंप्रेसर सैल केला. दुसऱ्या बाजूची स्प्रिंग साबूत असूनही बदलली, कारण एक नवी आणि एक जुनी असली तर गाडीची उंची दोन्हीकडे सारखी राहत नाही. त्या बाजूला निम्माच वेळ लागला. नट ठरलेल्या जोराने आवळायला टॉर्क पाना मित्राकडून आणला आणि दुसऱ्या दिवशी यवतमाळला व्हील अलाइनमेंट करून घेतली.

घरात सिमेंटची जमीन, दोन जॅक स्टँड आणि मदतीला एक शहाणा माणूस असेल, तर छोट्या गाडीसाठी हा संच पैसे वसूल करतो. यांतले एक जरी नसेल, तर स्ट्रट घरी काढून गॅरेजात न्यावा आणि भिंतीला बसवलेल्या मोठ्या कंप्रेसरवर स्प्रिंग बदलून घ्यावी. परवा शेजारच्या गावचे काका त्यांच्या जड गाडीसाठी संच मागायला आले होते. त्यांच्या स्प्रिंगचा वेढा हुकात नीट बसेना आणि पिन लागेना, म्हणून मी संच दिला नाही. त्यांनी स्ट्रट गोणपाटात गुंडाळून एसटीने यवतमाळला नेला.