जुन्या सी लायब्ररीला जोड: रस्ट की झिग?

रस्टचा बॉरो चेकर (कंपाइल होतानाच मेमरीचा वापर तपासणारा) काय करतो आणि झिगमध्ये ॲलोकेटर (मेमरी मागून देणारा) हाताने का द्यावा लागतो, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. प्रश्न एवढाच की सीमधली जुनी लायब्ररी टाकून देता येत नाही आणि तिच्याभोवती नवं काही लिहायचंय. मी रस्ट आणि झिग या दोन्ही भाषांत लिहून पाहिलं.

सुरुवात रस्टने केली. लायब्ररी छोटी, पण तिचं निम्मं काम हेडरमधल्या (लायब्ररीत काय आहे ते सांगणाऱ्या फाइलमधल्या) मॅक्रोंमध्ये, म्हणजे कंपाइल होण्याआधी कोडमध्ये उलगडणाऱ्या तुकड्यांमध्ये. सीचं हेडर वाचून रस्टचा कोड बनवणाऱ्या बाइंडजेनने फंक्शन्स आणि स्ट्रक्ट्स नीट आणली, आकड्यांचे साधे मॅक्रोही आणले. आर्ग्युमेंट घेणारे मॅक्रो मात्र तो घेतच नाही. मग प्रत्येकासाठी सीमध्ये एकेक फंक्शन लिहा, ती फाइल बिल्ड स्क्रिप्टमधून कंपाइल करा, आणि लायब्ररीची नवी आवृत्ती आली की पुन्हा हेडर वाचत बसा. सीपासून सुटायला निघालो होतो आणि रोज सीच लिहीत होतो. माझं मन तिथेच उडालं.

झिगमध्ये हेडर वाचण्याची सोय कंपायलरसोबतच येते. बहुतेक मॅक्रो इनलाइन फंक्शन होऊन आले. सगळं सुरळीत नव्हतं: बिटफिल्ड (मोजक्याच बिट्सची फील्ड) असलेलं एक स्ट्रक्ट ओपेक झालं, आतलं काही दिसेना. त्यासाठी सीचं फंक्शन लिहावं लागलंच, पण एकच.

मेमरीच्या बाबतीत रस्ट वरचढ, यात वाद नाही. लायब्ररीने दिलेल्या प्रत्येक हँडलला एकदा रॅपर लिहून त्यात ड्रॉप (काम संपलं की आपोआप मोकळं करणारा कोड) बसवला की विसरून जायचं. झिगमध्ये पॉइंटर मिळाला की पुढच्याच ओळीत डिफर, म्हणजे ब्लॉक संपताना मोकळं करायची सूचना. विसरलात तर कोणी टोकत नाही. झिगचा टेस्टिंग ॲलोकेटर गळती (मोकळी न केलेली मेमरी) पकडतो, पण त्याच्याकडून घेतलेल्या मेमरीचीच. लायब्ररीने आत मॅलॉक केलेलं (सीच्या पद्धतीने घेतलेली मेमरी) त्याला दिसत नाही, तिथे मेमरीच्या चुका शोधणारा व्हालग्राइंडच लागला.

पण सीच्या सीमेवर रस्टचं कवचही पातळ होतं. एका मदतनीस फंक्शनमध्ये सीस्ट्रिंग (सीला चालणारी स्ट्रिंग) बनवून मी तिचा ॲज-पॉइंटर, म्हणजे तिच्या मेमरीचा पत्ता, परत केला. कंपाइल झालं. फंक्शन संपताच स्ट्रिंग गेली आणि लायब्ररीला फाइलच्या नावाऐवजी कचरा मिळाला. चूक माझीच, पण ज्या भरवशावर मी रॅपर लिहीत बसलो होतो तो जरा डळमळला.

झिगची किंमत वेगळीकडे मोजावी लागते. रस्टची १.० ही पहिली स्थिर आवृत्ती २०१५ मध्ये आली. झिग अजून तिथे पोचलेलं नाही. झिगच्या ०.१५ मध्ये ॲरेलिस्टला (वाढत जाणाऱ्या यादीला) दर अपेंडला ॲलोकेटर द्यावा लागू लागला, वाचन-लेखनाचा इंटरफेसही बदलला. माझा शनिवार त्यातच गेला. मोठी टीम असेल किंवा बाहेरून येणारा बेभरवशाचा डेटा हाताळायचा असेल, तर मीही कदाचित रस्टच म्हणेन. एकट्याचं काम आणि खाली बरंच सी असेल, तर झिगमध्ये हात लवकर मोकळा होतो, निदान माझा झाला.

ठरवण्याआधी हेडरमध्ये आर्ग्युमेंट घेणारे मॅक्रो किती आहेत ते मोजा. माझ्याकडे चाळीसच्या वर होते.