कारवान जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घेऊन ९ महिने झाले, माझा अनुभव

तिसऱ्या महिन्यातच लिहिणार होतो पण म्हणलं एक उन्हाळा निघू दे, मग लिहू.

आधीचं सांगतो. ३ वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून लॅबचं (लॅब्रॅडॉर) पिल्लू घेतलं होतं, व्हॉट्सॲपवर फोटो बघून, बसस्टँडवर खोक्यात आणून दिलं. ४५ दिवसांचं म्हणाला, डॉक्टरांनी दात बघून सांगितलं जेमतेम महिन्याचं आहे. कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर नव्हतं, नुसती पेनानं तारीख. पाचव्या दिवशी रक्ताची हगवण लागली, पार्व्हो (पिल्लांना होणारा जीवघेणा संसर्ग), सलाईन लावून पण तिसऱ्या रात्री गेलं. लेक दोन दिवस जेवली नाही. विक्रेत्यानं फोन उचलायचाच बंद केला.

यावेळी माळेगावच्या यात्रेत श्वान प्रदर्शनात अहमदपूरकडचे एक शेतकरी काका भेटले, पिल्लू आहे का विचारलं तर म्हणले आधी घरी या. गेलो. गोठ्याशेजारी मादी पाच पिल्लांना पाजत होती, अंगावर गोचीड नाही, काकांनी हाक मारली की शेपटी हलवत आली, आम्हाला बघून बिचकली नाही. नर शेजारच्या गावात होता, तो पण दाखवला. पिल्लं ५ आठवड्यांची, मी पैसे घेऊनच गेलतो, पण दिलं नाही. भावंडांत राहिलं की कितपत चावायचं ते शिकतंय म्हणले. तसा २०१७ चा नियमच आहे, ८ आठवड्यांच्या आत विकायचं नाही, मादीला वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचाच्या वर नाही. उलट त्यांनीच मला विचारलं, पळायला जागा किती, दिवसा घरी कोण असतं, आधीचं कशानं गेलं. आणि नाही जमलं तर रस्त्यावर सोडू नका, माझ्याकडं आणून द्या. तिथंच माझं ठरलं बघा.

एक गोष्ट खटकली, ब्रीडर म्हणून सरकारी नोंदणी विचारली तर अर्ज केलाय म्हणले, कागद काही दाखवला नाही. ती नियमानं पाहिजेच, पुढं घेणाऱ्यांनी मागावीच. केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडिया) कागद दाखवून पण बरेच जण भुलवतात, तो वंशावळीचा असतो, तब्येतीचा नाही.

आता ९ महिन्यांनंतर. जंताचे डोस अन् पहिली लस त्यांनी दिलेली होती, स्टिकरसहित, पुढचे बूस्टर अन् तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीज मी केलं. एकदाही आजारी पडला नाही. लातूरच्या मे महिन्यात पण पहाटे एक फेरी अन् दुपारभर माठाजवळच्या ओल्या पोत्यावर, एवढ्यात निभावलं. बरगड्या दिसतात म्हणून येणारा प्रत्येकजण म्हणतो खायला घालत नाही का, अहो ही पळणारी शिकारी जात, अशीच असती. शेळी दिसली की मात्र सुटतो, पट्टा सोडायची सोय नाही, त्यामुळं फ्लॅटवाल्यांनी खरंच दहादा विचार करा. फटाक्यांना घाबरत नाही, पाहुण्यांवर धावत नाही, लेकीच्या अभ्यासाच्या टेबलाखाली झोपायलाय आत्ता पण.

नसबंदी पुढच्या महिन्यात करायलोय, काकांनी स्वतःहून फोन करून सांगितलं की डॉक्टरांना जात आधी सांगा, अशा सडपातळ कुत्र्यांना भूल जपून द्यावी लागती. डॉक्टरांना विचारलं, ते पण तेच म्हणले.

दोघातिघांनी त्यांचं पिल्लू मागितलं. या वर्षी नाही, मादीला आराम दिलाय, थांबायची तयारी असेल तर घेऊन जातो म्हणून सांगितलंय.