३-९×४० एओ दुर्बीण: स्प्रिंगच्या एअर रायफलवर झिरो कितपत टिकतो

रायफलीवर बसवायच्या, बाजारात मिळणाऱ्या ३-९×४० मापाच्या अनेक दुर्बिणींच्या खोक्यावर शिंगाळ्या हरणाचे चित्र असते आणि आतल्या पत्रकात १०० यार्डांवर झिरो कसा करावा, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी दुर्बीण कशी जुळवावी, याची कृती दिलेली असते, कारण हे माप अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीत रुळलेले आहे. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांनंतर हरणाच्या शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही, आणि तो पुन्हा कधी उद्भवू नये असे माझे ठाम मत आहे. मुंबईत ही दुर्बीण घेणारा मनुष्य ती कागदाच्या टार्गेटवर वापरणार, तेही १० ते २५ मीटरवर आणि बहुधा स्प्रिंगच्या एअर रायफलवर. त्या वापरासाठी ती कशी आहे, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. एकाच साच्याच्या दुर्बिणी अनेक छापांखाली विकल्या जात असल्यामुळे छापाऐवजी वर्णन देतो: तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, पुढची काच ४० मिलिमीटरची, नळी एक इंच जाडीची, पुढच्या काचेभोवती अंतर जुळवण्याची फिरती कडी असलेली, म्हणजेच ‘ॲडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह’ किंवा एओ. दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या दुकानातून रिंगांसह, म्हणजे तिला रायफलीवर पकडून ठेवणाऱ्या कड्यांसह, ती आठ-नऊ हजारांच्या घरात मिळाली.

एओ कडीचा आग्रह का धरावा, हे आधी सांगणे भाग आहे. डोळा हलला की नेमाची खूण टार्गेटवरून सरकल्यासारखी दिसते, तो दोष म्हणजे पॅरॅलॅक्स; शिकारीच्या साध्या दुर्बिणीत तो १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, नाहीसा होईल असा कायमचा बांधलेला असतो. ४० मिलिमीटरच्या काचेतून १० मीटरवरच्या टार्गेटकडे पाहताना डोळा काचेच्या मध्यापासून पार कडेला सरकला, तर क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची फुली, आणि टार्गेट यांच्यात हिशेबाने जवळपास १८ मिलिमीटरचा फरक पडू शकतो. हरणाच्या छातीतला ज्या भागावर नेम धरतात तो भाग सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचा असल्याने तिथे एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. परंतु १० मीटर एअर रायफलच्या अधिकृत टार्गेटवरचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. त्यामुळे कडी नसलेली दुर्बीण आपल्या अंतरावर कितीही स्वच्छ दिसली, तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. गाल दस्त्यावर प्रत्येक वेळी तिळभरही न हलता त्याच जागी टेकवणारा नेमबाज विरळाच.

या दुर्बिणीची कडी १० यार्डांपर्यंत खाली येते आणि हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. कडीवरचे आकडे मात्र अंदाजे समजावेत. दहाच्या खुणेवर १० मीटरचे टार्गेट किंचित धूसर राहते आणि कडी जराशी पुढे नेल्यावर छापील वर्तुळांच्या कडा धारदार होतात. रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून, तिला हात न लावता डोके थोडे वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवावे. क्रॉसहेअर टार्गेटवरून सरकेनासा झाला की कडीवर पांढऱ्या रंगाची बारीक खूण करून ठेवावी. छापील आकड्यापेक्षा ही खूण अधिक विश्वासाची.

झिरो करण्याच्या कामात दुर्बिणीपेक्षा रिंगांनी जास्त त्रास दिला. सोबत आलेल्या रिंगा एअर रायफलच्या ११ मिलिमीटरच्या खाचेत बसतात खऱ्या, पण त्यांना अडवणारी पिन नाही. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का दुहेरी असतो: पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे येते आणि पिस्टन टोकाला आपटताच ती झटक्याने पुढे जाते. शिकारीच्या रायफलीचा धक्का कितीतरी मोठा असला तरी तो मुख्यतः मागच्याच दिशेचा असतो, आणि केवळ तोच सोसण्यासाठी घडवलेल्या दुर्बिणी स्प्रिंगच्या रायफलीवर आतून सैल होतात, असे त्यामुळेच घडते. आमच्या रायफलीवर दुर्बिणीच्या आत काही हलले नाही, परंतु अख्ख्या रिंगा खाचेतून मागे सरकू लागल्या. खाचेलगतच्या काळ्या रंगावर उमटलेली चकचकीत रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. रेघ दिसेपर्यंत ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचे पुंजके, कारणाविना खाली-वर होत होते. अडवणारी पिन असलेला एकसंध माउंट वेगळा घेतल्यावर ती तक्रार मिटली. हा खर्च किमतीत धरूनच दुर्बीण घ्यावी. माउंटचे स्क्रू आलटूनपालटून, थोडे थोडे आवळावेत. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीला हात घातला, तर क्रॉसहेअर हळूच एका बाजूला कलतो. तो उभा आहे की नाही हे भिंतीवर सोडलेल्या ओळंब्याच्या दोरीशी ताडून पाहणे सर्वांत सोपे.

आता टरेटविषयी, म्हणजे नेम वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या फिरत्या खुंट्यांविषयी, कारण झिरोचा खरा निकाल तिथे लागतो. एका क्लिकला पाव मिनिट, असे टरेटवर लिहिले आहे; हे मिनिट कोनाचे, म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० यार्डांवर याचा अर्थ साधारण पाव इंच. १० मीटरवर तो ०.७३ मिलिमीटर आणि २५ मीटरवर १.८ मिलिमीटर होतो. हा हिशेब न कळल्यामुळे नवखी मुले १० मीटरवर चार क्लिक फिरवून गोळीचे छिद्र एक इंच सरकण्याची वाट पाहतात आणि दुर्बीण बिघडली असे समजतात. या दुर्बिणीवर मी चौकोनाची चाचणी घेतली: एकाच बिंदूवर नेम धरून ग्रुप मारायचा, मग ४० क्लिक उजवीकडे, ४० वर, ४० डावीकडे आणि ४० खाली असे फिरत प्रत्येक कोपऱ्यावर ग्रुप मारायचा. हिशेबाने बाजू २९ मिलिमीटर यायला हवी होती. आडवी बाजू तेवढी आली, उभी बाजू २७ भरली. महत्त्वाची गोष्ट अशी की शेवटचा ग्रुप पहिल्या ग्रुपवर जाऊन बसला. क्लिक थोडी लहान असली तरी चालते, परतीची जागा मात्र चुकता कामा नये. उभ्या टरेटचा स्पर्श मऊ आहे, बोटाला क्लिक कळण्यापेक्षा कानाला कळते, आणि शेजारच्या लेनवर नेमबाजी सुरू असताना कानही कामी येत नाही. नऊपटीवर केलेला झिरो तीनपटीवर आणल्यावर ग्रुप किंचित उजवीकडे गेला, म्हणून मी पट बदलत नाही.

झिरो कोणत्या अंतरावर करावा, याबाबत पत्रकातली कृती जशीच्या तशी उचलू नये. शिकारीची रायफल आधी २५ यार्डांवर मध्यावर आणतात, कारण तिथे टार्गेट चुकण्याची भीती कमी असते; .३०-०६सारख्या काडतुसात तीच रायफल १०० यार्डांवर अडीच-तीन इंच वर लागते आणि मग तिथे बारीक जुळवणी करतात. एअर रायफलीतही तत्त्व तेच आहे, कारण दुर्बीण रायफलीच्या नळीच्या वर बसलेली असते आणि छर्रा खालून चढत नेमाच्या रेषेला छेदतो. आमची रायफल १० मीटरवर मध्यावर आणली की २५ मीटरवर सुमारे दोन सेंटिमीटर वर लागते. म्हणून ज्या अंतरावर नेहमीचा सराव आहे, त्याच अंतरावर, एकाच डब्यातल्या छऱ्यांनी, पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप पाहूनच टरेटला हात लावावा. एका गोळीच्या छिद्रामागे टरेट फिरवत बसणे म्हणजे सावलीमागे धावणे.

काचेबाबत फार लिहावे असे नाही. रेंजवरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात नऊपटीवर छऱ्याचे छिद्र स्पष्ट दिसते, कडेला थोडी जांभळी झालर येते, ती खटकत नाही. मुंबईच्या हवेत मला धास्ती होती ती आत बाष्प धरण्याची. नायट्रोजन भरलेला असल्याचा दावा पावसाळ्यात खरा ठरला आणि वातानुकूलित खोलीतून बाहेर काढल्यावर दमट हवेने बाहेरची काच तेवढी धुरकट होते, ती आपोआप निवळते. माउंटच्या स्क्रूंच्या डोक्यांवर मात्र तांबूस गंज आला. तेलाचा बारीक थेंब आणि पेटीत सिलिका जेलची पुडी, एवढी काळजी समुद्राकाठच्या शहरात घ्यावीच लागते.

फावल्या वेळेत छऱ्याच्या रायफलीवर शिस्तीने नेम शिकू पाहणाऱ्याला मी ही दुर्बीण वेगळ्या माउंटसह घ्यायला सांगेन. स्पर्धेत उतरू इच्छिणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी मात्र तिच्यावर पैसे घालू नयेत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या दोन्ही प्रकारांत दुर्बिणीला परवानगी नाही, तिथे छिद्राची पीप साइटच लागते. आणि एकेकाळी ऑलिम्पिकमध्ये ‘धावते हरीण’ म्हणून हरणाच्या आकाराच्या टार्गेटवर खेळल्या जाणाऱ्या प्रकाराच्या वंशातला आजचा १० मीटर धावत्या टार्गेटचा जो प्रकार दुर्बीण चालवून घेतो, त्यातही तिची मर्यादा चार पटींची आहे.