म्हाताऱ्या पॉमेरेनियनसाठी घडीचा रॅम्प: घ्यावा, पण उतार मोजून

आमची चिनू ही पॉमेरेनियन आता अकरा वर्षांची आहे. लहान चणीच्या जातींत सर्रास आढळणारा गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास तिलाही आहे. चालता चालता मागचा एक पाय वर घेऊन ती दोन-चार पावले उडत जाते आणि वाटी जागेवर बसली की पुन्हा नीट चालू लागते. वयोमानाने त्याच सांध्यात संधिवाताची सुरुवात झाल्यामुळे सोफ्यावरच्या उड्या बंद करा, असे डॉक्टरांनी बजावले आणि आम्ही 120 सेंटिमीटर लांबीचा घडीचा लाकडी रॅम्प ऑनलाइन मागवला.

लांबी हाच या रॅम्पचा खरा गुण आहे. आमच्या 45 सेंटिमीटर उंचीच्या सोफ्याला तो लावला की उतार साधारण 22 अंशांचा होतो. 90 सेंटिमीटरचा स्वस्त रॅम्प घेतला असता तर तोच 30 अंशांवर गेला असता. उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर येत असल्याने हा फरक म्हाताऱ्या कुत्र्याला फार जाणवतो. जाहिरातीत मात्र रॅम्प किती किलो पेलतो तेवढेच ठळक छापलेले असते.

वरचे कार्पेट आखूड धाग्यांचे आहे, त्यात नखे अडकत नाहीत. तळाचे रबर मात्र अगदीच कुचकामी आहे. व्हिट्रिफाइड टाइल्सवर रॅम्प मागे सरकतो, आणि पायाखालची फळी एकदा हलली की कुत्रे तिच्यावर पुन्हा चढायला धजत नाही. खाली योगा मॅटचा तुकडा घातल्यावर सरकणे थांबले. उरलेली मॅट आम्ही पाण्याच्या भांड्यापर्यंत अंथरली, कारण गुळगुळीत फरशीवर पाय फाकणेही दुखऱ्या गुडघ्याला सोसत नाही. तळव्यांमधले वाढलेले केस कापल्यानेही पकड सुधारते.

रॅम्पने झीज भरून येत नाही, आणि वजन आटोक्यात ठेवण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांपेक्षा मासळीच्या तेलातील ओमेगा-3 च्या बाजूने अधिक चांगले पुरावे आहेत, तरी मात्रा डॉक्टरांनाच विचारावी. घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल कृपा करून देऊ नका. या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

सोफ्यासाठी हा रॅम्प मी निःशंकपणे सुचवीन. पलंग 60 सेंटिमीटर उंच असेल, तर मात्र एवढ्याच उतारासाठी 160 सेंटिमीटरची फळी लागेल आणि ती सुताराकडून करून घेतलेली बरी.